घरबसल्या गणिताचे संशोधन-व्याख्यान : ऐकावे कसे आणि उमगावे किती?

विद्येसाठी घरदार सोडावे लागणे ही गोमंतकीयांना नवी गोष्ट नाही. थोर गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वयाच्या अकराव्या वर्षी ते वडिलांसमवेत अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना झाल्यावर ते तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. बिऱ्हाड मात्र पुण्यास होते. त्यामुळे 'डेक्कन क्वीन'ने मुंबई गाठावयाची व तिनेच परतावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात लहानाचे मोठे झालेले श्रीराम अभ्यंकर यांनाही प्रथम मुंबईस आणि नंतर हार्वर्डला जावे लागले. तेथे १९५५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. गणितास प्रयोगशाळा लागत नाही, महागडी उपकरणे लागत नाहीत; पण जेथे नवे गणित जन्मास येत असते तेथील बोलणे कानांवर पडावे लागते, आणि ते बोलणे मोजक्याच शहरांतील मोजक्याच दालनांत चालत असे.

ही परिस्थिती अलीकडे पालटली आहे. पेडणे वा काणकोण येथील महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी आज आपल्या ओसरीवर बसून पॅरिस, बोस्टन किंवा बंगळूर येथे चाललेले गणिताचे व्याख्यान प्रत्यक्ष ऐकू शकतो. ही सोय झाली, परंतु तिचा उपयोग कसा करावयाचा याचे शिक्षण मात्र फारसे कोणी देत नाही. प्रस्तुत लेखात तोच विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

दारे कशी उघडली?

व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवण्याची प्रथा अनेक संस्थांत पूर्वीपासून होती. आपल्याकडे बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्राने आपल्या व्याख्यानांचा मोठा संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तथापि खरे स्थित्यंतर घडले ते २०२० साली. कोविडच्या साथीमुळे जगभरची विद्यापीठे बंद झाली, चर्चासत्रे थांबली आणि गणितज्ञांनी ती झूमसारख्या साधनांवर भरविण्यास आरंभ केला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील गणितज्ञांच्या पुढाकाराने अशा व्याख्यानांची एक सामायिक सूची तयार झाली. 'रिसर्च सेमिनार्स' या नावाने ती परिचित आहे. कोणते व्याख्यान, कोणत्या विषयावर, कोणत्या वेळी, हे या सूचीत विषयवार पाहावयास मिळते.

या बदलाचे मोल दोन परिषदा शेजारी ठेवल्या म्हणजे चटकन ध्यानात येते. गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय महापरिषद दर चार वर्षांनी भरते. १९ ते २७ ऑगस्ट २०१० या काळात ती प्रथमच भारतात, हैदराबाद येथे भरली. तिचा लाभ घ्यावयाचा तर हैदराबादेस जाणे, राहणे आणि प्रतिनिधिशुल्क भरणे प्राप्त होते. २०२२ ची परिषद सेंट पीटर्सबर्ग येथे व्हावयाची होती. परंतु त्या वर्षी फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर ती तेथे न भरविता दूरस्थ पद्धतीने घेण्याचे ठरले. पारितोषिक-समारंभ ५ जुलै २०२२ रोजी हेलसिंकी येथे झाला, आणि ६ ते १४ जुलै या काळातील व्याख्याने जगातील कोणाही जिज्ञासूस विनामूल्य ऐकता आली. ती मुद्रित स्वरूपात आजही उपलब्ध आहेत.

दहाव्या मिनिटाची भीती

दार उघडले तरी उंबरठा ओलांडणे सोपे नसते. विद्यार्थी उत्साहाने व्याख्यान लावतो. पहिली पाच मिनिटे बरी जातात. दहाव्या मिनिटास एक अपरिचित संज्ञा येते, पंधराव्या मिनिटास तिच्यावर आधारलेली दुसरी, आणि विसाव्या मिनिटास समोर केवळ चिन्हांची रांग उरते. विद्यार्थी यंत्र बंद करतो व मनाशी म्हणतो, ''ही विद्या आपल्यासाठी नाही.'' लहान गावातून आलेल्या, प्राथमिक शिक्षण मराठीतून वा कोकणीतून झालेल्या मुलामुलींच्या मनात हा निष्कर्ष विशेष खोलवर रुजतो. वर्गात चांगले गुण मिळविणारी मुलगी अशा एकाच अनुभवाने पुढील शिक्षणाचा विचार सोडून देण्याचा संभव असतो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. वर्गातील पाठ आणि संशोधन-व्याख्यान या मुळातच दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्गातील पाठ सर्वांना सर्व समजावे म्हणून दिला जातो. संशोधन-व्याख्यानात मात्र वक्ता आपल्या वर्षानुवर्षांच्या कामाचे सार तासाभरात मांडत असतो आणि श्रोत्यांत बसलेल्या अनुभवी गणितज्ञांनाही त्यातील बराच भाग पूर्णपणे उमगत नाही. ते मात्र त्यामुळे खचत नाहीत. मिळेल तेवढे घेऊन उठतात. ही घेण्याची कला शिकता येते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणितज्ञ रवी वकील यांनी यासाठी आपल्या विद्यार्थ्यांना एक साधी रीत सांगितली आहे. व्याख्यानास कोरा कागद घेऊन बसावे आणि त्यातून केवळ तीन गोष्टी वेचाव्यात. एखादी व्याख्या, एखादे उदाहरण, एखादे प्रमेय किंवा मनात उठलेला एखादा प्रश्न, काहीही चालेल. ऐकता ऐकता अधिक मोलाचे काही सापडले तर आधीचे खोडून ते लिहावे. व्याख्यान संपता हाती तीन गोष्टी राहिल्या म्हणजे ते सार्थकी लागले असे समजावे. समुद्र आटवावयाचा नसून ओंजळ भरावयाची आहे, ही दृष्टी त्यामागे आहे.

एक उदाहरण : संत्र्यांची रास

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. २०२२ साली फील्ड्स पदक मिळालेल्या चौघांत मारीना व्याझोव्स्का या युक्रेनियन विदुषी होत्या. हे पदक मिळविणाऱ्या त्या दुसऱ्या महिला होत. पहिल्या मरियम मिर्झाखानी, २०१४ साली. व्याझोव्स्का यांच्या विषयाचे नाव 'गोलांची रचना', म्हणजे समान आकाराचे गोल एकमेकांत न घुसता जास्तीत जास्त दाट कसे भरावेत हा प्रश्न. या विषयावरील व्याख्यान आपणांस ऐकावयाचे आहे असे समजा.

पूर्वतयारी आदल्या संध्याकाळी करावी. व्याख्यानाचा गोषवारा बहुधा आधीच प्रसिद्ध होतो. तो दोनदा वाचून अपरिचित शब्दांखाली रेघ मारावी व त्यांतील दोन-तीनच शब्द निवडून त्यांचे अर्थ पाहावेत. मग विषयाचे सर्वांत सोपे रूप शोधावे. गोलांच्या बाबतीत ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातच सापडते. संत्री मांडणारी बाई खालच्या थरातील तीन संत्र्यांच्या मधल्या खळग्यात वरचे संत्रे बसविते. अशा राशीत आतील प्रत्येक संत्र्यास बारा संत्री टेकतात : भोवती सहा, खाली तीन, वर तीन.

टेबलावर एकाच मापाची नाणी दाटीने मांडली तर शेकडा ९०.६९ भाग व्यापला जातो, याहून अधिक नाही. संत्र्यांच्या राशीत शेकडा ७४.०५ भाग व्यापला जातो. याहून दाट रचना शक्य नाही असे योहानेस केप्लर यांनी १६११ साली प्रतिपादन केले. ते सिद्ध करण्यास मात्र जवळजवळ चार शतके लागली. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये संगणकाच्या साह्याने सिद्धता दिली. ती इतकी गुंतागुंतीची होती की तिची पायरी-पायरीने यांत्रिक तपासणी पुरी होण्यास २०१४ साल उजाडले. बाजारातील बाईस जे हातांनी ठाऊक आहे ते सिद्ध करावयास गणितज्ञांना एवढा काळ लागावा, यातच या विषयाची गोडी आहे.

एवढी तयारी असली म्हणजे व्याख्यानातील निम्मी वाट सुकर होते. वक्ता 'घनता' म्हणाला की तो शेकडेवारीविषयी बोलत आहे, हे आपणांस ठाऊक असते.

आठ मितींचे अवकाश

व्याख्यानात पुढे 'आठ मितींचे अवकाश' असा शब्दप्रयोग येईल. त्याने दचकण्याचे कारण नाही. सपाट कागदावरील बिंदू दोन संख्यांनी दाखविता येतो, खोलीतील बिंदू तीन संख्यांनी. आठ संख्यांची यादी म्हणजे आठ मितींतील बिंदू, इतकाच त्याचा अर्थ. डोळ्यांपुढे चित्र आणण्याची गरज नाही. अंतर काढण्याची रीत शाळेतील काटकोन त्रिकोणाचीच : प्रत्येक संख्येतील फरकाचा वर्ग करावा, आठही वर्गांची बेरीज करावी, वर्गमूळ घ्यावे. ही निव्वळ कल्पनाक्रीडाही नव्हे. संदेशवहनात शिरणाऱ्या चुका ओळखून दुरुस्त करण्याच्या संकेतपद्धतींशी या रचनांचा निकटचा संबंध आहे.

आठ मितींत एक विलक्षण रचना आहे. तिला 'ई-आठ जालक' म्हणतात. तिचे नियम दोनच आहेत. पहिला असा की बिंदूच्या आठही संख्या एकतर पूर्णांक असाव्यात किंवा आठही 'पूर्णांक अधिक अर्धा' अशा असाव्यात, सरमिसळ नको. दुसरा नियम असा की आठही संख्यांची बेरीज सम असावी. या बिंदूंवर मध्य ठेवून गोल रचले असता जी रास होते तीच आठ मितींतील सर्वांत दाट रास होय, असे व्याझोव्स्का यांनी १४ मार्च २०१६ रोजी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले. हेन्री कोन व नोआम एल्कीझ यांनी २००३ साली दाखविले होते की विशिष्ट गुणधर्मांचे एक फलन सापडल्यास हा प्रश्न सुटेल. ते फलन व्याझोव्स्का यांनी रचून दाखविले. त्यानंतर आठवड्याभरातच कोन, अभिनव कुमार, स्टीफन मिलर, दानिलो रादचेंको व व्याझोव्स्का यांनी चोवीस मितींचा प्रश्नही सोडविला.

हे फलन कसे रचले हा भाग पदवीवर्गातील विद्यार्थ्यास समजणार नाही, आणि समजू नये हेच स्वाभाविक आहे. तेथे कागदावर एवढेच लिहावे : ''असे फलन आहे, त्याची रचना पुढे केव्हातरी पाहावयाची.'' आणि ऐकणे पुढे चालू ठेवावे. एका वाक्यावर अडून राहिल्याने पुढील दहा वाक्ये निसटतात, हा ऐकण्यातील सर्वांत मोठा दोष आहे.

व्याख्यान संपल्यावरचा अर्धा तास

खरे शिक्षण व्याख्यान संपल्यावर घडते. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, ऐकलेली एक तरी गोष्ट स्वतःच्या हाताने पडताळून पाहावी. वक्ता ओघात म्हणून जातो की ई-आठ रचनेत प्रत्येक गोलास २४० गोल टेकतात. ही संख्या पडताळण्यास शाळेतील निवड-मोजणी पुरते.

मूळबिंदूपासून सर्वांत जवळचे बिंदू मोजावयाचे आहेत. त्यांचे अंतर दोनाच्या वर्गमुळाइतके, म्हणजे आठ वर्गांची बेरीज २ असते. पूर्णांकांच्या गटात दोन जागी १ किंवा उणे १ आणि उरलेल्या सहा जागी शून्य, असेच बिंदू येतात. आठांतून दोन जागा निवडण्याचे २८ प्रकार, चिन्हांचे ४ प्रकार, गुणाकार ११२. दुसऱ्या गटात आठही जागी अर्धा किंवा उणे अर्धा. आठ चतुर्थांशांची बेरीज २ होतेच. चिन्हांचे प्रकार २५६; परंतु बेरीज सम राहावयाची तर उणे चिन्हे समसंख्य हवीत, म्हणून त्यांतील निम्मेच, १२८ घ्यावयाचे. ११२ आणि १२८ मिळून २४०.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. पहिल्या खेपेस सम बेरजेचा नियम विसरल्यामुळे त्याचे उत्तर ३६८ आले होते. चूक कोठे झाली हे शोधताना तो नियम जो मनावर ठसला, तो दहा वेळा ऐकून ठसला नसता. हाताने केलेल्या चुकीतूनही एवढा लाभ होतो.

याच रीतीने घनताही काढता येते. आठ मितींतील गोलाचे घनफळ म्हणजे 'पाय'चा चतुर्थ घात भागिले २४, गुणिले त्रिज्येचा आठवा घात. लगतच्या बिंदूंतील अंतराच्या निम्मी ती त्रिज्या. तिचा आठवा घात एक-सोळांश. या जालकात प्रत्येक बिंदूच्या वाट्यास येणारे घनफळ १ आहे. म्हणून घनता 'पाय'चा चतुर्थ घात भागिले ३८४, म्हणजे शेकडा २५.३७. व्याझोव्स्का यांच्या प्रमेयातील संख्या ती हीच.

उत्साही विद्यार्थ्यांसाठी एक गृहपाठ. मूळबिंदूपासून बरोबर २ अंतरावर असलेले ई-आठ जालकाचे बिंदू मोजा. त्यांचे तीन गट पडतील : १६, ११२० आणि १०२४, एकूण २१६०. आता श्रीनिवास रामानुजन यांनी आपल्या १९१६ च्या निबंधात अभ्यासलेली एक श्रेणी पाहा. तिची सुरुवात १ ने होते, पुढील सहगुणक २४० आणि त्यापुढील २१६०. संत्र्यांच्या राशीतून निघालेली वाट मद्रासच्या रामानुजन यांच्यापर्यंत पोहोचते, आणि व्याझोव्स्का यांच्या फलनाच्या रचनेतही याच जातीच्या श्रेणी आहेत. ज्याने २४० स्वतः मोजले त्यालाच या योगायोगाने रोमांच येतील.

काही व्यावहारिक सूचना

वेळेचा हिशेब आधी करावा. पॅरिसमधील दुपारचे तीन म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडील सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. बोस्टनमधील दुपारी चारचे व्याख्यान मात्र आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री दीड वाजता व हिवाळ्यात अडीच वाजता पडते. अशा वेळी जागरण न करता मुद्रित प्रत ऐकणेच श्रेयस्कर. मुद्रित प्रतीत थांबता येते, मागे जाता येते. प्रत्यक्ष व्याख्यानात प्रश्न विचारता येतो. दोहोंचे आपापले गुण आहेत.

प्रश्न विचारण्याचा संकोच नसावा. तो लेखी पाठविण्याची सोय बहुधा असते, त्यामुळे इंग्रजी बोलण्याचे भय आड येत नाही. ''चार मितींत सर्वांत दाट रचना कोणती?'' हा अगदी साधा प्रश्न पाहा. त्याचे उत्तर आजही कोणास ठाऊक नाही. एक, दोन, तीन, आठ आणि चोवीस एवढ्याच मितींत हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला आहे. भाबडा वाटणारा प्रश्न थेट अज्ञाताच्या सीमेवर नेऊन उभा करतो, असे गणितात वारंवार घडते.

भाषेसाठी वहीत दोन रकाने आखावेत : एकीकडे इंग्रजी संज्ञा, दुसरीकडे आपल्या शब्दांत तिचा अर्थ. अर्थ मराठीत लिहिता आला नाही तर संज्ञा अद्याप कळली नाही, असे समजावे. ज्या गावी दूरध्वनीचे जाळे क्षीण आहे तेथे व्याख्यान महाविद्यालयात वा ग्रंथालयात उतरवून घ्यावे. कमी प्रतीच्या चित्रावरही फळा वाचता येतो.

एकट्याने नव्हे, मिळून

तथापि सर्वांत महत्त्वाची सूचना विद्यार्थ्यांइतकीच प्राध्यापकांसाठीही आहे. दूरस्थ व्याख्यान एकट्याने ऐकणे कठीण. पाच-सहा जणांनी एका खोलीत बसून ऐकावे, मध्ये थांबवावे, फळ्यावर मांडून पाहावे. प्राध्यापकांनी सर्व समजावून देण्याचे ओझे घेऊ नये. ''हे मलाही कळले नाही, चला पाहू'' असे शिक्षकाच्या तोंडून ऐकणे हाच कित्येकदा विद्यार्थ्यास मिळणारा सर्वांत मोठा धीर असतो.

यंत्रावरील व्याख्यान प्रत्यक्ष सहवासाची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेल्या गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध कार्यक्रमाने विद्यार्थ्यांना शिबिरांत एकत्र आणून स्वतः विचार करावयास लावले. अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. शेजारी बसून एकमेकांच्या चुका काढण्याचे मोल ही मंडळी जाणून होती. व्याख्यान ऐकून ज्याची जिज्ञासा जागी झाली त्याने अशा शिबिरांकडे वळावे. एक वाट दुसरीस पूरक आहे.

कोसंबींना डेक्कन क्वीनचा प्रवास करावा लागे. आपल्या विद्यार्थ्यास आता तो करावा लागत नाही. परंतु अंतर केवळ मैलांचे नसते. ''हे आपल्यासाठी नाही'' या विचाराचे अंतर कोणतीही तार वा तरंग तोडू शकत नाही. ते कागद-पेन्सिल घेऊन ज्याचे त्यानेच तोडावयाचे असते. म्हणून या आठवड्यात एक व्याख्यान निवडा, तीन गोष्टी लिहा आणि त्यांतील एक स्वतः मोजून पाहा. पहिले उत्तर चुकले तर बरेच झाले, असे समजून पुन्हा मोजा.